तिसऱ्या वळणाची टेकडी: बुद्ध सर्किटची रचना आणि इतिहास

वळणवाट

बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर शेवटची फॉर्म्युला वन शर्यत झाली २७ ऑक्टोबर २०१३ ला. त्यानंतर या ट्रॅकबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक कर, थकबाकी आणि कोर्टकचेऱ्यांबद्दल असतं. ट्रॅक म्हणून तो कसा आहे, त्याची वळणं तशीच का आखली, हे बोलणं जवळपास थांबलंच. मी जुने ऑनबोर्ड व्हिडिओ (गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेले) पुन्हापुन्हा बघतो आणि दर वेळी माझं मत घट्ट होत जातं: जर्मन ट्रॅक-आराखडाकार हर्मन टिल्के यांनी आखलेल्या ट्रॅकमध्ये तुर्कस्तानातल्या इस्तंबूलनंतर याचाच नंबर लागतो. म्हणून हा धागा.

आधी जागा समजून घेऊ. ग्रेटर नोएडाच्या पुढे, यमुना एक्स्प्रेसवेच्या कडेला हा ट्रॅक आहे. जिल्हा गौतम बुद्ध नगर, नाव तिथूनच आलं. हा सगळा यमुनेच्या गाळाचा प्रदेश. नजर जाईल तिथवर जमीन सपाट. बेल्जियममधल्या स्पाला डोंगर आयता मिळाला, जपानमधल्या सुझुकाला टेकडीचा उतार मिळाला, इस्तंबूललाही जमिनीचे चढउतार होते. इथे काहीच नव्हतं. त्यामुळे आज तिथे गाडी जिथे जिथे चढते वा उतरते, तो प्रत्येक चढ आणि उतार माणसांनी माती टाकून केलेला आहे.

आकडे एकदाच देऊन टाकतो. लांबी ५.१२५ किमी, वळणं १६, दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. शर्यत ६० फेऱ्यांची. बांधणारा जेपी समूह. २०११ ला सेबास्टियन फेटेलने पोल (शर्यतीला सर्वांत पुढून निघण्याची जागा) पटकावली ती १ मिनिट २४.१७८ सेकंदांच्या लॅपवर, म्हणजे ताशी सरासरी २१९ किमी. कॅलेंडरमधल्या वेगवान ट्रॅकमध्ये तो सहज बसत होता.

आता मुद्द्याचं. सुरुवातीची सरळ रेषा संपली की पहिलं वळण उजवीकडे, मग दुसरं वेगात डावीकडे, आणि लगेच चढण सुरू होते. पहिल्या तीन वळणांत ट्रॅक सुमारे १४ मीटर वर जातो. १४ मीटर म्हणजे चार मजली इमारत. तीव्रता काही ठिकाणी आठ टक्क्यांच्या आसपास. चढाच्या माथ्यावर तिसरं वळण आहे, अगदी आवळलेलं उजवं वळण. चालक ब्रेक दाबतो तेव्हा वळणाचा आतला बिंदू त्याला धड दिसत नाही. समोर आभाळ असतं, आणि खुणेचा फलक बघून अंदाजाने गाडी टाकावी लागते.

आणि याच ठिकाणी रस्ता रुंद केला आहे. वळणात शिरतानाचा भाग नेहमीच्या रुंदीपेक्षा इतका मोठा आहे की आतून, मधून, बाहेरून अशा तीन वेगळ्या ओळींनी गाडी नेता येते. तिसऱ्यानंतर लागते एक किलोमीटरहून लांब सरळ रेषा, आणि तिच्या टोकाला चौथं वळण, पुन्हा हळू, पुन्हा रुंद.

ही योजना का, हे समजायला एक साधा हिशेब करून बघा. मागची गाडी पुढच्या गाडीच्या बरोबर एक सेकंद मागे आहे असं धरा. ताशी ३०० किमीला हे अंतर ८३ मीटर होतं. ताशी ९० किमीला तेच एक सेकंदाचं अंतर २५ मीटरवर येतं. म्हणजे हळू वळणात मागच्याला पुढच्याचं शेपूट समोर दिसतं. शिवाय वेगवान वळणात पुढच्या गाडीने घुसळलेली हवा मागच्या गाडीच्या पंखांना नीट काम करू देत नाही, ती घसरते, चालक अंतर ठेवतो. हळू वळणात गाडी पंखांपेक्षा टायरच्या पकडीवर जास्त वळते, त्यामुळे चिकटून राहता येतं. मग सरळ रेषेवर पुढच्याच्या मागच्या पोकळीत शिरायचं, आणि टोकाला उशिरा ब्रेक मारून आत घुसायचं.

आता यात टेकडी मिळवा. पुढच्याने तिसऱ्या वळणात आतली बाजू अडवली, तर मागचा बाहेरून मोठा वळसा घेऊन लवकर गॅस देऊ शकतो. आंधळ्या माथ्यावर पुढच्याचा जरा जरी अंदाज चुकला तरी त्याची किंमत तो पुढचा पूर्ण किलोमीटरभर चुकवत राहतो. सपाट जमिनीवर हेच वळण काढलं असतं तर चूक होण्याची शक्यता कितीतरी कमी झाली असती.

दुसरी जागा म्हणजे दहावं-अकरावं वळण. दोन आकडे दिलेत, पण चालकाला ते एकच वाटतं: न संपणारं उजवं वळण, बाजूला कललेलं, वाडग्याच्या आतल्या कडेने फिरल्यासारखं. इस्तंबूलच्या प्रसिद्ध आठव्या वळणात असे चार आतले बिंदू आहेत आणि ते डावीकडे जातं. हे त्याचं उजवं भावंड समजा. गाडी उजवीकडे वळते म्हणून सगळा भार डाव्या बाजूच्या टायरवर येतो, पुढच्या डाव्यावर विशेष. आणि हे सेकंद-दोन सेकंदांचं काम नाही, भार उतरतच नाही.

इतिहासाबद्दल थोडक्यात. भारतात फॉर्म्युला वन आणायची बोलणी जुनी, हैदराबादचा बेत बराच पुढे जाऊन फिसकटला होता. २००७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना आणि तेव्हाचे फॉर्म्युला वनचे प्रमुख बर्नी एकलस्टन यांच्यात दिल्लीसाठी प्राथमिक करार झाला. पहिली शर्यत २००९ ला होणार होती, मग २०१० म्हणाले, झाली ३० ऑक्टोबर २०११ ला. पाच वर्षांचा करार होता, तीन शर्यती झाल्या. तिन्ही फेटेलने जिंकल्या.

माझं म्हणणं इतकंच आहे की शर्यती बंद पडल्या त्याचं खापर आराखड्यावर फोडू नये. तुम्हाला काय वाटतं?

खडीमाती

फार छान लिहिलंय. मी महामार्गाच्या कामावर असतो, त्यामुळे माझी नजर तुमच्या टेकडीवरच अडकली. थोडी भर घालतो.

आठ टक्के चढ म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे सपाट मुलखातल्या रस्त्याला सर्वसाधारण चढ ३.३ टक्के धरतात. फारच नाइलाज असेल तर ६.७ पर्यंत जाता येतं. त्याच्याही वरचा चढ, आणि तोसुद्धा गाळाच्या जमिनीवर, भराव घालून. हा भराव एकदम ओतून होत नाही. वीत-दीड वीत जाडीचा थर पसरायचा, मातीत पाणी किती आहे ते तपासायचं, कमी असेल तर पाणी मारायचं, जास्त असेल तर सुकू द्यायचं, मग रोलर फिरवायचा, घनता मोजायची, आणि तेव्हाच पुढचा थर. एकेका मीटरला तीन-चार थर. यमुनेकाठची माती बारीक, रेताड. पाऊस पडला की भरावाच्या उतारावर घळी पडतात. म्हणून उतारावर गवत धरायला लागतं आणि पाणी वाहून न्यायला पन्हळी कराव्या लागतात.

भराव नंतर बसला तर काय होतं? महामार्गावर दोन सेंटिमीटर खड्डा पडला तर गाडीत बसलेल्याला धक्का जाणवतो, एवढंच. इथे गाडीचा तळ जमिनीपासून काही सेंटिमीटरवर असतो आणि त्या फटीतल्या हवेवर गाडीची पकड अवलंबून असते. त्यामुळे पृष्ठभागाचा उंचसखलपणा मिलिमीटरमध्ये मोजतात. शांघायचा ट्रॅक दलदलीवर बांधला, तिथे खाली खांब ठोकून वर हलक्या थर्माकोलसारख्या पदार्थाचे ठोकळे घातले होते, इतकी जमीन खचायची धास्ती.

डांबराचंही तसंच. आपण रस्त्याची एक बाजू आज करतो, दुसरी उद्या, आणि मध्ये सांधा राहतो. थंड झालेल्या डांबराला गरम डांबर चिकटवलं की तो सांधा पहिला उकलतो. शर्यतीच्या ट्रॅकवर दोन-तीन पेव्हर (डांबर पसरणारी यंत्रं) थोडं अंतर ठेवून एकामागोमाग चालवतात, म्हणजे पूर्ण रुंदी गरम असतानाच जुळते. डांबरही साधं नसतं, त्यात पॉलिमर मिसळलेलं असतं, नाहीतर ब्रेकिंगच्या जागी टायर वरचा थर ओढून काढतील.

आणि वळणाच्या कलाबद्दल. एफआयएच्या (मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमात वळणावरचा कल साधारण १० टक्क्यांपर्यंत, आणि सरळ रेषेवर पाणी निघून जायला दीड ते तीन टक्के आडवा उतार. आपल्या घाटरस्त्यांनाही कमाल १० टक्केच आहे, त्यामुळे आकडा ओळखीचा वाटला. नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला नूतनीकरणात १८-१९ अंशांची वळणं केली, ती म्हणजे तीस टक्क्यांच्या वर, विशेष परवानगी घेऊन. पण तो अपवाद.

निळा_झेंडा

आराखड्याचं कौतुक समजलं, पण माझ्या डोळ्यांसमोर शर्यती आहेत. २०११ ला फेटेलने पोल घेतली, साठच्या साठ फेऱ्या आघाडीवर राहिला, सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच, १:२७.२४९. २०१२ लाही पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच पुढे. ट्रॅक ओव्हरटेकसाठी बांधला असेल, तर पुढच्याला कुणी गाठलं का नाही?

दुसरी तक्रार रन-ऑफची, म्हणजे ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेची. बहुतेक वळणांच्या बाहेर डांबराचं मोठं मैदान. चालक चुकतो, बाहेर जातो, वळसा घालून परत येतो, दोन-चार दशांश सेकंद गमावतो. सुझुकाला हीच चूक केली की गाडी वाळूखडीत रुतते. टिल्केंच्या ट्रॅकवर मला मोल दिसत नाही ते याच कारणाने. सुरक्षा हवीच, कुणाचा जीव जावा असं कुणालाही वाटत नाही. पण चुकीला शिक्षा नसेल तर अचूकपणाचं कौतुक कशाचं?

वळणवाट

@खडीमाती, थरांचं वाचून टेकडीबद्दलचा आदर वाढला. थर्माकोलचं माहीत होतं, पण ते भराव बसण्याशी असं जोडून पाहिलं नव्हतं.

@निळा_झेंडा, रन-ऑफबद्दल तुमच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. चौथ्या वळणाच्या बाहेर डांबराऐवजी खडीचा पट्टा असता तर उशिरा ब्रेक मारणाऱ्याची छाती आणखी दिसली असती. पण शिक्षा मुळीच नव्हती असं नाही. २०११ ला फेरारीच्या फेलिपे मासाने आठव्या-नवव्या वळणाच्या जोडीत कर्बच्या (वळणाच्या कडेच्या रंगीत पट्टीच्या) मागचा नारिंगी उंचवटा ठोकला आणि सस्पेन्शन तुटलं. एकदा पात्रता फेरीत, आणि पुन्हा शर्यतीत. जोडीच्या वळणांत आतून चोरी करणाऱ्याला ट्रॅक सोडत नव्हता.

फेटेलबद्दल मात्र मला वेगळं वाटतं. २०११ ते २०१३ या काळात त्याला इतर ठिकाणीही कुणी फारसं गाठत नव्हतं. पहिल्या क्रमांकाकडे बघून ट्रॅक जोखला तर त्या वर्षांतले बरेच चांगले ट्रॅक नापास होतील. मधल्या गर्दीकडे बघा. २०१३ ला रोमां ग्रोजाँ सतराव्या क्रमांकावरून निघाला आणि तिसरा आला. त्याच शर्यतीत मऊ टायर इतके लवकर संपत होते की फेटेल दुसरी फेरी संपताच टायर बदलायला पिटमध्ये गेला, मागून वर आला आणि जिंकला. ज्या ट्रॅकवर पुढे जाताच येत नाही, तिथे कुठलाही संघ दुसऱ्या फेरीला असा जुगार खेळणार नाही. हे पुढे जाणं मुख्यतः त्याच तीन-चारच्या जोडीत व्हायचं.

डीआरएसचा (सरळ रेषेवर मागचा पंख उघडून वेग वाढवायच्या सोयीचा) वाटा होता हे मान्य. २०११ हेच त्याचं पहिलं वर्ष. पण ट्रॅक आखला तेव्हा ते आलं नव्हतं. म्हणजे लांब सरळ रेषा आधीच होती, तिच्यावर पंख उघडण्याची सोय नंतर आली, आणि दोन्ही मिळून काही वेळा ओव्हरटेक जास्तच सोपं झालं. हा दोष मी आराखड्याचा मानत नाही.

अबोली_दुपार

मी २०११ ची शर्यत प्रत्यक्ष पाहिली आहे, मुख्य स्टँडमधून. तांत्रिक काही सांगता येणार नाही, पण जे पाहिलं ते लिहिते.

आदल्या दोन आठवड्यांत इंडीकारचा चालक डॅन व्हेल्डन आणि मोटोजीपीचा (दुचाकींच्या जागतिक स्पर्धेचा) स्वार मार्को सिमोन्चेली शर्यतीतल्या अपघातांत गेले होते. सुरुवातीआधी एक मिनिट शांतता पाळली. इतक्या प्रचंड गर्दीत अचानक पाखराचा आवाज यावा इतकी ती शांतता होती. आणि मग काही वेळाने चोवीस इंजिनं एकदम. तेव्हा २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं होती, मिनिटाला अठरा हजार फेरे. आवाज कानांत येण्याआधी छातीत येतो. माझ्या शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले होते.

धूळ मात्र खूप. गाड्या ज्या ओळीने जात तेवढा पट्टा काळा, बाकी ट्रॅक फिकट. कुणी ओळ सोडून बाहेरून जायला बघायचा की मागे धुळीचा लोट. टीव्हीवर हे इतकं जाणवत नाही. वळणवाट म्हणतात तशा तिसऱ्या वळणाच्या तीन ओळी कागदावर असतीलही, त्या दिवशी स्वच्छ ओळ एकच होती.

शुक्रवारच्या पहिल्या सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं आणि सराव थांबवावा लागला होता, ते सगळ्यांना आठवत असेल. पण मला जे लख्ख आठवतं ते असं: शेवटी सचिनने चौकटीचा झेंडा फडकवला, फेटेल गेला, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने आपल्या नारायण कार्तिकेयनची एचआरटी (त्याच्या संघाची गाडी) आली. सतरावा. त्याच्या गाडीला जी ओरड मिळाली ती विजेत्यालाही मिळाली नव्हती. लोक रडत होते. मीही.

खडीमाती

@अबोली_दुपार, धुळीचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. नवं डांबर आधीच गुळगुळीत असतं, खडीवरची डांबराची साय जायला वाहतूक लागते. ट्रॅक वर्षभर वापरला गेला, त्यावर रबर बसत गेलं, तरच रुंदीचा उपयोग होतो. भोवती उघडी माती, बांधकामं आणि वर्षातून एखादी मोठी शर्यत, असं असलं की दर ऑक्टोबरात पहिल्यापासून सुरुवात. इस्तंबूलला २०२० मध्ये शर्यतीच्या जेमतेम काही आठवडे आधी नवं डांबर टाकलं होतं आणि जगातले उत्तम चालक बर्फावर असल्यासारखे घसरत होते.

ताळेबंद

हा ट्रॅक करकायद्याचे विद्यार्थी ओळखतात, शर्यत कधीच न बघितलेलेसुद्धा. कारण सांगतो.

फॉर्म्युला वनचे व्यावसायिक हक्क असलेली कंपनी ब्रिटनची. भारत-ब्रिटन करारानुसार परदेशी कंपनीची इथे ‘स्थायी आस्थापना’ असेल तरच तिच्या इथल्या व्यवसायाच्या नफ्यावर इथे कर लागतो. कंपनीचं म्हणणं, आम्ही वर्षातून तीन दिवस येतो, यात स्थायी काय? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये निकाल आला: बुद्ध सर्किट हीच त्या कंपनीची स्थायी आस्थापना. शर्यतीच्या काळात पिट, पॅडॉक (संघांच्या तळाची जागा), कुणाला आत सोडायचं, प्रक्षेपण कुणी करायचं, हे सगळं तिच्या ताब्यात होतं. दिवस थोडे असले तरी ताबा पूर्ण होता, असा तो तर्क.

दुसरा पेच राज्याचा. ही शर्यत खेळ की करमणूक? उत्तर प्रदेश सरकारने आधी करमणूक कर माफ केला, त्याविरुद्ध जनहित याचिका झाली, आणि २०११ च्या शर्यतीच्या काही दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने तिकीट उत्पन्नाचे २५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितले. केंद्राकडूनही खेळ म्हणून सवलत मिळाली नाही, त्यामुळे आयात होणाऱ्या गाड्या, इंजिनं, टायर यांच्यावरच्या सीमाशुल्काचा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहायचा. २०१४ ची शर्यत वगळली तेव्हा ती २०१५ च्या हंगामाच्या सुरुवातीला घेऊ असं सांगितलं होतं. ती झालीच नाही.

थोडक्यात, धागाकर्त्यांशी सहमत. एकाही कागदावर ‘वळण’ हा शब्द नव्हता.

शेतबांध

जमीन सपाट होती, आयतं काही नव्हतं असं वर वाचलं. होती ती शेती होती, गव्हाची आणि उसाची. मे २०११ मध्ये त्याच जिल्ह्यात भट्टा-परसौलला भूसंपादनावरून गोळीबार झाला, शेतकरी आणि पोलीस दोघांचेही जीव गेले. ते आंदोलन एक्स्प्रेसवे आणि त्याच्या कडेच्या सगळ्याच विकासाविरुद्ध होतं, आणि शर्यत त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली. ट्रॅकच्या इतिहासात हे यायला हवं म्हणून लिहिलं. चर्चा चांगली चालली आहे, चालू द्या.

वळणवाट

@शेतबांध, बरोबर आहे तुमचं. ‘काहीच नव्हतं’ हे मी चढउतारांपुरतं लिहिलं, पण वाचताना तसं वाटत नाही. चूक मान्य.

दोनचाकी_सातारा

सप्टेंबर २०२३ च्या मोटोजीपीचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. दहा वर्षांनी जागतिक दर्जाची शर्यत याच ट्रॅकवर परत आली होती.

गाड्यांचा ट्रॅक आणि दुचाकींचा ट्रॅक यात मोठा फरक रन-ऑफचा. गाडी बाहेर गेली तर चालक चौकटीच्या आत सुरक्षित असतो, डांबरावर ब्रेक लागतात, ते त्याच्या फायद्याचं. दुचाकीस्वार पडला की तो स्वतःच घसरत जातो. त्याला थांबवायला खडी लागते, आणि कठडा शक्य तितका लांब लागतो. म्हणून बुद्धवर खडीचे पट्टे करावे लागले, काही ठिकाणी वळणांचा आकार बदलावा लागला. ट्रॅकला अंतिम मंजुरी शर्यतीच्या आठवड्यातच मिळाली, स्वार तोवर येऊन पोचले होते.

शर्यत मार्को बेझेकीने जिंकली, खोर्खे मार्टिन दुसरा. उकाडा इतका की २४ फेऱ्यांच्या २१ केल्या, आणि तरी शर्यत संपल्यावर मार्टिनला उष्म्याने उभं राहवेना. सप्टेंबर ही तिथली वेळच नव्हे. ऑक्टोबर अखेरीस धुरकं असतं, फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरा.

स्वारांना ट्रॅक आवडला, विशेष करून लांब सरळ रेषा आणि दहा-अकराचं वाडगं. दुचाकी तिथे इतका वेळ उजवीकडे झुकलेली असते की बघणाऱ्याचाच श्वास अडकतो. २०२४ आणि २०२५ ला शर्यत झाली नाही.

निळा_झेंडा

@दोनचाकी, म्हणजे माझी खडी शेवटी आली, पण दुचाकींसाठी. वाचून बरं वाटलं. ग्रोजाँचा मुद्दाही मान्य, ती शर्यत पुन्हा बघितली.

मद्रासी_मिसळ

चेन्नईत नोकरीनिमित्त बरीच वर्षं काढली, म्हणून दक्षिणेची बाजू मांडतो. भारतातल्या रेसिंगचं घर तिथेच आहे. आधी शोलावरमची जुनी विमानपट्टी, मग १९९० पासून इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७ किमीचा, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. कोइम्बतूरला २.१ किमीचा करी स्पीडवे. फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेले कार्तिकेयन आणि करुण चंढोक याच मातीतले. एफआयएच्या नियमाने फॉर्म्युला वनला किमान साडेतीन किमी लांबी लागते, ती इरुंगट्टुकोट्टईत भरते, पण रन-ऑफ, पिट इमारत, रुंदी या बाबतीत तो प्रथम श्रेणीचा होत नाही. तरी तो दर आठवड्याला कुणी ना कुणी वापरतं. तिथे मुलं शिकतात.

हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांची शर्यत) झाली, चेन्नईत २०२४ मध्ये रस्त्यावर रात्रीची शर्यत झाली. दोन्हीकडे कठडे लावले, शर्यत झाली, कठडे काढले. बुद्धसारखा ट्रॅक उभा असताना हे करावं लागतं याची मला खंत वाटते. बुद्धवर खर्च सुमारे ४० कोटी डॉलर झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तेवढ्यात लहान लहान ट्रॅक किती झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

ताळेबंद

जागेचं पुढे काय झालं हे कुणी विचारण्याआधी: यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२० मध्ये थकबाकीपोटी जमिनीचं वाटप रद्द केलं, आणि मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते रद्द करणं कायम ठेवलं.

नवखी_वाचक

मी फॉर्म्युला वन गेल्या वर्षीपासूनच बघायला लागले, बुद्धवरची शर्यत पाहिलेली नाही. हा धागा वाचून एक लॅप बघावासा वाटतोय. कुठला बघू, आणि बघताना लक्ष कुठे ठेवू?

वळणवाट

@नवखी_वाचक, फेटेलचा २०११ चा पोल लॅप शोधा, दीड मिनिटाचाही नाही. पहिल्यांदा नुसता बघा.

दुसऱ्यांदा बघताना दुसऱ्या वळणानंतर रस्त्याकडे न बघता क्षितिजाकडे बघा. ते खाली सरकत जातं आणि शेवटी पडद्यावर फक्त आभाळ आणि डांबराची कड उरते. तीच टेकडी. त्याच क्षणी त्याचे हात वळायला लागलेले असतात, वळण दिसायच्या आधीच. मग माथा ओलांडून गाडी खाली उतरते आणि पुढची सरळ रेषा एकदम उघडते.

तिसऱ्यांदा दहाव्या वळणापासून मनात आकडे मोजा आणि स्टिअरिंग सरळ होतं का ते बघा. मी दर वेळी मोजतो.

मग वेळ असेल तर त्याच वर्षीचा कार्तिकेयनचा एखादा ऑनबोर्ड मिळतो का बघा. एचआरटीला पकड कमी, त्यामुळे त्याच वाडग्यात तो दोन-तीनदा हात सुधारतो, गाडी बाहेर ओढली जाते, तो पुन्हा आत आणतो. फेटेलच्या गाडीत जे दिसत नाही ते वळण तिथे दिसतं. सोळावं वळण झालं की मुख्य स्टँड लागतं. अबोली_दुपार तिथेच कुठेतरी बसल्या असतील.

अबोली_दुपार

डावीकडे, वरून चौथी रांग. आमच्याकडे तिरंगा होता.